दोन सॅक, एक काटा आणि तेरा किलोंचा हट्ट

"तुम्ही दोघं भांडायला एवढ्या लांब आलात का? घरी जमत नव्हतं?"

भिंगरीनं हा प्रश्न एका दमात विचारून टाकला. मैत्रिणींनी फोनवर तिच्याशी पैज लावली होती, "हे विचारायची तुझी छातीच होणार नाही." आता झाली ना छाती! मला कसं माहीत? तिच्याच हातात मी लटकत होतो ना!

मित्रांनो, मी एक जुना वजनकाटा आहे. वर कडी, खाली हूक, मधे पितळी तबकडी आणि पोटात स्प्रिंग. सामान हुकाला अडकवायचं, मला उचलायचं, की माझा काटा फिरून आकडा दाखवतो. एवढं साधं काम. पण भिंगरीच्या ह्या आई-बाबांनी त्या साध्या कामाचं जे काही करून ठेवलं, ते तुम्ही ऐकाच!

माझा जन्म एका छोट्या कारखान्यात झाला. ज्या कारागिरानं मला घडवलं, त्यानं एकेक वजन अडकवून माझी परीक्षा घेतली आणि शेवटी पाठीवर थाप मारून म्हटलं, "पास!" तिथून मी एका पार्सल कचेरीत गेलो. तिथले कारकून म्हणजे भिंगरीच्या आईचे वडील. रोज सकाळी ते मला रिकामा लटकवून काटा शून्यावर आहे ना हे बघत, महिन्यातून एकदा तेलाचा थेंब देत. माझ्या आकड्यावर सव्वीस वर्षांत कुणी शंका घेतली नाही. पुढे बटणांचे काटे आले आणि मी फडताळात गेलो. आजोबा निवृत्त होताना त्यांनी मला मागून घेतलं. लेकीच्या घरी आणून खिळ्याला टांगलं, तेव्हापासून मी नुसताच भिंत सांभाळत होतो.

मग ही सहल ठरली. सॅक पाठीवर टाकून परदेशातली तीन शहरं बघायची आणि शेवटी खिंड ओलांडून डोंगरापलीकडच्या तलावाकाठी एक रात्र राहायचं. खरं तर आई-बाबा दोघंच जाणार होते. पण भिंगरीला सांभाळणारी मावशी ऐनवेळी पाय मोडून बसली, म्हणून हे शेपूट बरोबर आलं. शेपटानं मात्र त्या तलावाचा फोटो फोनवर लावला आणि दिवस मोजायला सुरुवात केली.

निघायच्या आदल्या दिवशी बाबा म्हणाले, "ह्या वेळी ओझं सारखं घ्यायचं हं. लग्नानंतरच्या सहलीत सगळं सामान मीच वाहिलं होतं."

"सतरा वर्षं ऐकतेय मी हे," आई म्हणाली. "ठीक आहे, सारखं तर सारखं. अगदी ग्रॅमला ग्रॅम!" आणि तरातरा जाऊन तिनं मला खिळ्यावरून काढलं. मी बिचारा खूश झालो. म्हटलं, चला, पुन्हा काम मिळालं!

कसलं काम आणि कसलं काय! पहिल्या शहरात पोचलो, तेव्हा दोन्ही सॅक नऊ-नऊ किलोंच्या होत्या. दुसऱ्या सकाळी आईची दोनशे ग्रॅम जास्त भरली, कारण तिचा टॉवेल ओला होता. आता तुम्ही काय कराल? टॉवेल वाळवाल. ह्यांनी काय केलं? बाबांच्या सॅकमध्ये साबणाच्या दोन वड्या टाकल्या! त्यानं बाबांची जड झाली. मग आईनं शहराचं जाडजूड माहितीपुस्तक घेतलं. मग बाबांनी पान्यांचा संच घेतला. कशाला? तर "लागतो कधीकधी." जड झालेल्या सॅकमधून काहीतरी काढावं, हे दोघांपैकी एकाच्याही डोक्यात येईना. जो काढेल तो हरला, असं त्यांनी मनाशी धरलं होतं.

आकडा वाचायला भिंगरी. कारण आईनं वाचला तर बाबांचा विश्वास नाही आणि बाबांनी वाचला तर आईचा. त्यात बाबा आईच्या सॅकखाली हळूच पायाचा अंगठा लावायचे.

"बाबा, अंगठा!"

"अगं, तोल जात होता तिचा."

"सॅकचा तोल जातो?" आई विचारायची. "मग माझाही जाईल हं कधीतरी!"

एवढं करून दोष कुणाला? मला! "जुना झालाय, काहीही दाखवतो." सव्वीस वर्षांच्या नोकरीत जे ऐकलं नाही, ते मी बारा दिवसांत ऐकलं. शून्यावर आहे का बघणं नाही, तेल नाही, एका सकाळी दहा-दहा वेळा ताणणं मात्र आहे. आमच्या ह्या वजनापायी पहिल्या शहरातून निघायची गाडी चुकली. दुसऱ्या शहरात संग्रहालयाच्या दारात पोचलो, तेव्हा पहारेकरी कुलूप लावत होता. तिसऱ्या शहरातली होडी आमच्या डोळ्यांदेखत काठावरून सुटली. त्या दिवशी आईची सॅक हलकी भरली, तर बाबांनी नदीकाठचा एक गुळगुळीत गोटा उचलून तिच्यात घातला. आईनं विचारलं, "हे काय?" तर म्हणाले, "आठवण!"

अशा रीतीनं आम्ही डोंगराच्या पायथ्याशी आलो, ते तेरा-तेरा किलो घेऊन. खिंडीकडे जाणारी बस दिवसातून एकच, सकाळी आठला. तलावाकाठची खोली त्या एकाच रात्रीसाठी मिळालेली. बस चुकली तर खोली गेली, खोली गेली तर तलाव गेला आणि परवा घरचं विमान. भिंगरी सहालाच बूट घालून तयार होती.

साडेसात वाजता आमचं दुकान उघडलं. बाबांची तेरा. आईची तेरा आणि वर चाळीस ग्रॅम.

"चाळीस ग्रॅम!" बाबा म्हणाले.

"मोजे असतील," आई म्हणाली.

"मग माझ्यात काहीतरी टाका."

तेव्हाच भिंगरीनं तो प्रश्न विचारला.

 बाबा घाईघाईनं म्हणाले, "आम्ही भांडत नाही, बेटा. चर्चा करतोय."

"चर्चेत समोरच्याचं ऐकून घेतात," आई म्हणाली.

"बघ! कोण सुरू करतंय बघ!"

"पुरे!" भिंगरी ओरडली. "गाडी गेली, संग्रहालय गेलं, होडी गेली. मी काही बोलले? पण तलाव जाऊ देणार नाही. आता मी ठरवणार. आईची सॅक बाबा उचलतील आणि बाबांची आई. बस्स. उचला."

आईनं बाबांच्या सॅकच्या पट्ट्यात हात घातला. बाबा एकदम गडबडले. "थांब, थांब. त्यातलं जरा काहीतरी काढायचंय." त्यांनी पान्यांचा संच काढला. मग कॅमेऱ्याची तिवई काढली. बारा दिवसांत तिचा एक पायही उघडला नव्हता.

"हे मी वाहून नेणार होते?" आईनं विचारलं.

"नाही, म्हणूनच काढतोय ना! तुझा खांदा दुखतो."

 मग आईनं आपली सॅक उघडली आणि तळातून, मित्रांनो, एक इस्त्री काढली. छोटीशी, पण इस्त्री! "तुमचा गुडघा," ती खाली बघत पुटपुटली. पाठोपाठ माहितीपुस्तक निघालं, बाबांच्या सॅकमधले साबण निघाले, गोटा निघाला. पलंगावर ढीग झाला. लॉजच्या काउंटरवरच्या बाई, हे तिघं परत येईपर्यंत तो सांभाळायला तयार झाल्या.

इतकं सगळं झालं आणि बाबांचा हात सवयीनं माझ्याकडे आला. "किती झालं, एकदा बघूया तरी."

मित्रांनो, मी वस्तू आहे. मला ताणलं तर मी ताणला जातो, दमलो तरी सांगता येत नाही. म्हणून एवढंच मागतो. तुमच्या घरात माझ्यासारखं जुनं कुणी असेल तर त्याला पुसा, महिन्यातून तेलाचा थेंब द्या आणि त्याचं जे काम आहे तेच त्याला सांगा. सामानाचं वजन मी हजार वेळा करीन. पण कोण कुणासाठी किती करतं, हे माझ्या तबकडीवर लिहिलेलं नाही हो! ते शोधायला माझी स्प्रिंग तोडू नका.

भिंगरीनं बाबांच्या आधी मला उचललं, फ्रॉकच्या टोकानं माझी तबकडी पुसली आणि पलंगावरच्या ढिगात इस्त्रीशेजारी नीट ठेवलं. मग आपली छोटीशी सॅक पाठीवर चढवून ती दारात उभी राहिली.

"काटा इथेच राहणार," ती आई-बाबांना म्हणाली. "आणि बसला आठ मिनिटं आहेत. तुम्ही आलात तर उत्तम, नाही आलात तर मी ड्रायव्हरकाकांच्या समोर आडवी उभी राहीन, पण ती बस तुम्हाला घेतल्याशिवाय सुटू देणार नाही!"