एका ओळीची खिडकी

ज्या पत्रांना मी उत्तर दिलं नाही अशी पत्रं पुष्कळ असतील, पण जपून ठेवलेलं एकच आहे. ते तेवीस वर्षांपूर्वी आलं. वहीतून फाडलेला कागद, कडेला इस्त्रीने भाजल्याचा फिकट पिवळा डाग. लिहिणारी मुलगी एका लाँड्रीत इस्त्री करत होती आणि कॉलेजच्या प्रवेश परीक्षेला बसली होती. पत्र इंग्रजीत होतं, आणि ते इंग्रजी ती माझ्या पुस्तकातून शिकली होती.

'माझं पुस्तक' म्हणताना अजूनही जीभ अडखळते. मी एका छापखान्यात मुद्रितशोधक होतो, म्हणजे छापायला जाणाऱ्या मजकुरातल्या चुका शोधणारा. एके दिवशी मालकांच्या डोक्यात आलं की प्रवेश परीक्षेच्या मुलांसाठी इंग्रजी शब्दांचं पुस्तक काढावं. "दिवसभर इंग्रजीच वाचत असता की! तुम्हीच करून टाका," ते म्हणाले. नाही म्हणणं मला आयुष्यात कधी जमलेलं नाही. मी बाराशे शब्द निवडले, अर्थ लिहिले, क्रमाने लावले. प्रस्तावनेत मालकांना एखादं जोरकस वाक्य हवं होतं. मी लिहिलं, 'हे बाराशे शब्द ज्याला आले, त्याला परीक्षेतला एकही उतारा अडणार नाही.' लिहिताना हात थरथरला होता असं म्हणायला मला आवडलं असतं. बहुधा नसावा थरथरला.

त्या मुलीने ते वाक्य पत्रात जसंच्या तसं उतरवलं होतं. पुढे लिहिलं होतं की तिने पुस्तकाची पानं सुटी करून इस्त्रीच्या टेबलासमोर भिंतीवर चिकटवली, वाफेने ती वळायची, ती पुन्हा चिकटवायची, आणि असं करत बाराशेच्या बाराशे शब्द पाठ केले. परीक्षेत फार तर दहा शब्द अनोळखी निघाले. तरी तिसऱ्या उताऱ्यावरच वेळ संपली. 'शब्द येत होते, पण सांगितलेलं कळत नव्हतं. माझं काय चुकलं ते कृपा करून कळवावं.'

मला ते माहीत नव्हतं. तसं लिहायला हरकत नव्हती, पण मी आधी मायन्यावरच आठवडाभर अडलो. भगिनी म्हणावं तर फार वयस्क वाटतं, चिरंजीव म्हणावं तर आगाऊपणा वाटतो. मग छापखान्यात काम वाढलं. मग इतके दिवस झाले की आता कशाला, असं वाटू लागलं. पत्र टेबलाच्या खणात गेलं, आणि नोकरी संपली तेव्हा खणातल्या बाकी सामानाबरोबर घरी आलं.

हे सगळं यंदा पुन्हा वर आलं ते माझ्या नातीमुळे. लेकीची मुलगी. रांगत होती तेव्हापासून साखरेच्या डब्यापाशी सापडायची, म्हणून तिला सगळे मुंगी म्हणतात. तिला प्राण्यांची डॉक्टर व्हायचंय. गेल्या वर्षी बाकी सगळ्या विषयांत पास होऊन इंग्रजीत सहा गुणांनी राहिली. त्या कॉलेजची परीक्षा दोनदाच देता येते. म्हणजे यंदा शेवटचं.

"आबा, तुम्ही शिकवा ना मला," ती म्हणाली. एकीचं वाटोळं करून झालं होतं. पण नाही म्हणणं मला जमत नाही, हे मघाशी सांगितलंच.

पुस्तक मी तिच्या हाती दिलं नाही. एवढं शहाणपण आलं होतं. त्याऐवजी मी तिला माझी पट्टी दिली. काळ्या पुठ्ठ्याची, मधोमध एक लांबट खिडकी कापलेली. पानावर ठेवली की एकच ओळ दिसते, वरची-खालची झाकली जाते. छापखान्यात मी एकतीस वर्षं तिच्यातून वाचलं. डोळा पुढे पळायचा मोह टाळण्यासाठी ती असते. मजकुरात रमला तो मुद्रितशोधक संपला, असं आमचे फोरमन म्हणायचे. माझा एक जोडीदार होता, तो मूळ प्रत मोठ्याने वाचायचा आणि मी छापील कागद तपासायचो. एका रहस्यकथेची प्रूफं आम्ही दोघांनी तीनदा वाचली. कुणीतरी विचारलं, खुनी कोण हो? जोडीदार म्हणाला, "खून झालाय? कधी?" आम्ही ते वर्षानुवर्षं अभिमानाने सांगत आलो. एकही स्वल्पविराम निसटला नव्हता.

तर मी मुंगीला म्हणालो, एकेक ओळ, एकेक शब्द. अनोळखी शब्द आला की थांबायचं, कोश बघायचा, चिठ्ठीवर लिहायचा, पाठ करायचा, मगच पुढे. ती गुणी पोर. दीड महिन्यात बुटांचे दोन खोके चिठ्ठ्यांनी भरले. आमचं स्वयंपाकघराचं टेबल चिठ्ठ्यांनी झाकून गेलं की लेक ताटं कुठे ठेवू म्हणून ओरडायची. ती दवाखान्याच्या प्रयोगशाळेत काम करते, तोंडाची तिखट आहे.

"बाबा, तिला कॉलेजात पाठवताय की तुमच्या छापखान्यात लावताय?"

"तू गप गं आई," मुंगी म्हणायची. "आबांची पद्धत आहे."

आबांची पद्धत! ऐकून मला बरं वाटायचं आणि लगेच घाम फुटायचा.

परीक्षेला पाच आठवडे उरले तेव्हा मी घड्याळ लावून तिची सराव परीक्षा घेतली. सात उतारे, सत्तर मिनिटं. मी समोर बसून तिच्या हातातली पट्टी खाली सरकताना बघत होतो. किती सुबक सरकत होती! सत्तर मिनिटं झाली तेव्हा ती चौथ्या उताऱ्याच्या मध्यावर होती.

"गेल्या वर्षी पाचवा सुरू केला होता मी," ती हळूच म्हणाली.

मी म्हणालो, अजून शब्द वाढवायला हवेत. त्याशिवाय मला दुसरं काही सुचलंच नाही. त्या दिवसापासून माझं जेवणावरचं मन उडालं. भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडे बघायचं नाही असं ठरवायचो आणि पाणी प्यायला उठलो तरी पस्तीस, चौतीस, तेहतीस असे दिवस मोजून यायचो.

त्यातच माझं डोळ्याचं ऑपरेशन आलं. मोतीबिंदू, कधीचं पुढे ढकललेलं. डॉक्टरीण म्हणाली, आठवडाभर वाचन बंद. माझ्यासारख्याला हे म्हणजे श्वास बंद म्हटल्यासारखं. एका डोळ्यावर झाकण, दुसरा आधीच अधू. मी आरामखुर्चीत पडून राहिलो आणि मुंगी शेजारी बसून उतारे मोठ्याने वाचू लागली.

मला दिसत नव्हतं, म्हणून ऐकू आलं. जोडीदाराचं वाचन एकतीस वर्षं ऐकलेले कान. ती वाचत नव्हती, ती शब्द टेबलावर एकेक करून ठेवत होती. ओळीच्या शेवटी थांबायची, वाक्य संपलेलं असो नसो, कारण पट्टी सरकवायची असायची. उतारा संपल्यावर मी विचारलं, "काय म्हणायचंय गं त्या माणसाला?"

"शब्द सगळे सांगते, आबा. विचारा कुठलाही."

"शब्द नको. तो म्हणतोय काय?"

पान चाळल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "नदीबद्दल काहीतरी आहे."

शब्द येत होते, पण सांगितलेलं कळत नव्हतं. काय बिघडलंय ते तेव्हाही कळलं नाही. इतकंच कळलं की तेवीस वर्षांपूर्वीची मुलगी पुन्हा माझ्यासमोर बसली आहे.

दुसऱ्या दिवशी दुपारी डोळ्यात थेंब घालायची वेळ झाली. "बाटली टेबलाच्या खणात आहे," मी म्हणालो. खण उघडल्याचा आवाज आला, मग कागदाचा.

"आबा, हे काय आहे? कुणाचं पत्र?"

ठेव ते, असं म्हणायला मी तोंड उघडलं, तोवर तिने वाचायला सुरुवातही केली होती, मोठ्याने. मी खुर्चीचे हात घट्ट धरले. भिंतीवरची पानं आली, वाफ आली, माझं ते वाक्य आलं. वाचता वाचता ती "अरे देवा!" म्हणाली आणि तशीच पुढे गेली. शेवटची ओळ वाचून झाली.

"तुम्ही काय उत्तर दिलंत?"

"दिलं नाही."

"आबा!"

"माहीत आहे."

"तेवीस वर्षं? ती बिचारी पोस्टमनची वाट बघत बसली असेल. तुम्ही असं कसं करू शकता? मला तर..." तिचा आवाज चढला होता. माझ्याशी ती अशी कधी बोलली नव्हती, आणि तिचं बरोबर होतं. पण खरं सांगायचं तर मी तिचं रागावणं अर्धंच ऐकत होतो. माझे कान मागे राहिले होते, तिच्या वाचण्यात.

"मुंगी," मी म्हणालो, "तू कुठेच थांबली नाहीस."

"कुठे?"

"पत्रात. दोन पानं इंग्रजी वाचलंस, घडाघडा. पट्टी कुठे आहे?"

"स्वयंपाकघरात. विषय बदलू नका."

"त्यात 'पर्प्लेक्स्ड' असा शब्द होता. येत होता तुला?"

"नाही." तिने कागद पुन्हा चाळला. "पण गोंधळलेली असणार ना? एवढं पाठ करूनही कळत नाही म्हणते, म्हणजे बुचकळ्यातच पडली असणार. तिचं पुढे काय झालं ते मला बघायचं होतं. थांबते कशाला?"

तेव्हा मला तो जोडीदार आठवला. खून झालाय? कधी? इतकी वर्षं ज्यावर हसलो तो विनोद माझ्या अंगावर काटा आणून गेला. अर्थ कळू नये म्हणून जी पट्टी कापली होती, ती मी या पोरीच्या हाती अर्थ कळावा म्हणून दिली होती. चुका शोधण्याखेरीज वाचण्याचं दुसरं काही कारण असतं, हे शिकवायचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मला स्वतःला तरी ते कितीसं माहीत होतं?

"माझी चूक झाली, बाळ," मी म्हणालो. नातीला असं म्हणणं इतकं अवघड असेल असं वाटलं नव्हतं. "तुझी पद्धत बिघडवली मी. गेल्या वर्षी तू माझ्यापेक्षा बरं वाचत होतीस."

माझी हनुवटी वर करून तिने डोळ्यात दोन थेंब घातले. "हलू नका," एवढंच म्हणाली.

पुढचे दिवस सोपे गेले असं लिहिलं तर तेही प्रस्तावनेतल्या वाक्यासारखं होईल. पट्टीशिवाय पहिल्या दिवशी तिने सातही उतारे संपवले आणि निम्मी उत्तरं चुकवली. मला वाटलं, आपण तिला दुसऱ्यांदा खड्ड्यात घातलं. पण आता मागे फिरायलाही वेळ नव्हता. आम्ही एक ठरवलं. प्रत्येक परिच्छेदानंतर मी विचारायचं, काय म्हणतोय तो? तिने एका वाक्यात सांगायचं, आपल्या भाषेत. अनोळखी शब्द आला तर खाली रेघ मारून पुढे जायचं, आणि तो आडवाच आला तर आजूबाजूची वाक्यं बघून अंदाज करायचा. कोश उतारा संपल्यावर. कधी ती म्हणायची, "तो म्हणतोय, माझंच खरं." कधी, "त्याला शेजाऱ्याची जिरवायचीय, पण सभ्य भाषेत." लेक भांडी घासता घासता हसायची. शेवटच्या आठवड्यात सहा उतारे वेळेत व्हायचे, कधी सात. चुका कमी झाल्या, पण संपल्या नाहीत.

झाकण निघाल्यावर मी पत्राचं उत्तर लिहिलं. मायन्यावर या वेळीही अडलो. शेवटी नुसतं 'नमस्कार' लिहिलं. 'तुमचं काहीही चुकलं नव्हतं. चूक माझ्या वाक्यात होती. शब्द कितीही आले तरी, सांगणाऱ्याला काय सांगायचं आहे याची ओढ लागल्याशिवाय उतारा सुटत नाही, आणि हे मला तेव्हा माहीत नव्हतं. तुमचं पत्र माझ्या नातीने वाचलं, त्यातून मला ते कळलं. उशीर झाला. क्षमा मागायचीही वेळ निघून गेली आहे.' पत्ता लाँड्रीचाच घातला. दुसरा नव्हता.

पाकीट बंद करून कोटाच्या खिशात ठेवलं आणि तिथेच राहू दिलं. मुंगीचा निकाल लागू दे, मग टाकू. ती पास झाली तर मी म्हणतो ते खरं. नापास झाली तर कुणाला काही कळवण्याचा मला काय अधिकार?

परीक्षेच्या दिवशी लेकीची ड्यूटी होती, म्हणून मी बरोबर गेलो. शाळेच्या फाटकाशी आईबापांची गर्दी. मुंगीने दोन पेनं तपासली, मग माझ्या खिशातून डोकावणारं पाकीट बघितलं.

"अजून टाकलं नाहीत?"

"तुझा निकाल लागल्यावर."

"का? माझ्या निकालाने तुमचं उत्तर बदलणारे का?"

"तसं नाही, पण..."

"मग? तिला तेवीस वर्षं थांबवून पोट भरलं नाही वाटतं." एवढं बोलून ती आत गेली. वळून बघितलं नाही.

पहिला पेपर गणिताचा होता. मी समोरच्या भिंतीला टेकून उभा राहिलो. पाय भरून आले तरी बसवेना. घंटा झाली, थोड्या वेळाने दुसरी. इंग्रजी सुरू झालं. पहिला उतारा, मी मनात म्हणालो. घड्याळ बघितलं. आता दुसऱ्यावर असेल. एखाद्या शब्दाशी थांबली तर? मी खिशात हात घातला आणि हाताला पट्टी लागली. सकाळी तिच्या दप्तरात सवयीने आलेली मीच काढून घेतली होती. आत काय चाललंय ते मला दिसणार नव्हतं. ती कुठे थांबते, कुठे पुढे जाते, आता तिचं तिलाच.

रस्त्यापलीकडे टपालपेटी होती. मी रस्ता ओलांडला. आत अजून चौथा उतारा चालू असेल, कदाचित पाचवा. पाकिटावरचा पत्ता एकदा वाचला. सवयीने पुन्हा वाचायला निघालो होतो, पण थांबलो. पाकीट फटीत घातलं. त्याचा कोपरा जरा अडकला, तो मी बोटाने आत ढकलला.