शालनबाईंचा डावा डोळा

त्या गुरुवारी चिंचवडच्या मारुतीच्या देवळात पाय ठेवायला जागा नव्हती. साल १९५६. गोवरानं गावठाणातली दोन मुलं आठवड्याच्या आत गेली होती आणि कुणाची नजर लागली ते शोधून काढायला दौलतराव पाटलांनी त्रिनेत्रबुवांना आणलं होतं. चुन्यानं पांढऱ्या केलेल्या फळीवर बुवांनी डावीकडे तुळशीचं पान चिकटवलं, वीतभर जागा सोडून उजवीकडे रुपयाएवढा कुंकवाचा टिळा लावला आणि समोर चार वितींवर पाट मांडला.

"पानाकडं बघायचं, पापणी हलवायची नाही!" बुवा गर्जले. "निर्मळ नजरेला देवीआईचं कुंकू दिसंल. जी नजर लेकरं खाते, तिच्यापुढून आई निघून जाईल. तिसरा डोळा खोटं बोलत नाही!"

हा तिसरा डोळा त्यांनी कपाळावर काजळानं काढला होता. घामानं तो नाकाच्या शेंड्यापर्यंत ओघळला होता. तरी आम्ही कुणी हसलो नाही.

मी गावच्या शाळेत मास्तर. "आधी शिकलेला माणूस बसू द्या," बुवा म्हणाले. त्यांनी माझी हनुवटी धरली, तळहातानं एक डोळा झाकला. कुंकू लख्ख दिसत होतं. "दिसतं!" मी मोठ्यानं सांगितलं. लोकांचा विश्वास बसला तो माझ्या त्या एका शब्दावर.

मग शालनबाईंना बसवलं. पिंपरीच्या नव्या औषध कारखान्यात बाटल्या धुणारी ही विधवा. गेलेली दोन्ही मुलं तिच्या अंगाखांद्यावर खेळायची, एवढाच तिच्यावरचा संशय. बुवांनी तिचाही एक डोळा झाकला, मान जरा पुढे-मागे केली.

"काय दिसतं?"

"पान हाय. कुंकू..." तिनं पुन्हा नीट पाहिलं. "कुंकू दिसत न्हाई जी."

खोटं बोलली असती तर सुटली असती. बायका किंचाळल्या, कुणी तिच्या केसांना हात घातला. दुसऱ्या दिवशी लोकांनी तिच्या घरावरचे पत्रे काढले. एक गाठोडं घेऊन ती चाकणला भावाकडे निघाली, ते मी शाळेच्या खिडकीतून पाहिलं आणि फळ्यावरचा भागाकार पुरा केला.

दोन महिन्यांनी पुण्याहून इंदुताई नावाच्या डोळ्यांच्या डॉक्टर शाळेत आल्या. त्यांना आजारी डोळे नको होते, चांगली नजर असलेली माणसं हवी होती. "निरोगी डोळ्याला समोरचं किती आणि कडेचं किती दिसतं, ते आधी मोजायला हवं. त्याशिवाय आजार ओळखणार कसा?" त्या म्हणाल्या. मी ऐटीत पहिला बसलो.

भिंतीवर काळं कापड, मधोमध एक खूण. माझा डावा डोळा बांधून, नजर खुणेवर ठेवायला सांगून, त्या काळ्या काठीच्या टोकावरचा पांढरा मणी सरकवू लागल्या. मणी बदलायचे, बारीक मणी कडेला गेला की लवकर हरवायचा, मोठा दूरवर दिसायचा. दिसेनासा झाला तिथे त्या टाचणी टोचायच्या.

"आता?"

मणी उजवीकडे थोडाच गेला होता. मोठा मणी. आणि तो नव्हता!

मी खुणेवरून नजर काढली. "बाई, माझ्या हातून काही पाप..."

"पाप कसलं?" त्या हसल्या. "डोळ्याच्या मागच्या पडद्यातून जिथे नस बाहेर पडते, तेवढ्या जागेला दिसत नाही. ही जागा प्रत्येकाच्या डोळ्यात असते. उजव्या डोळ्याला उजवीकडचा ठिपका हरवतो, डाव्याला डावीकडचा. दोन्ही डोळे उघडे असले की एकमेकांचं भागवतात, म्हणून कळत नाही."

मी त्यांना देवळातली हकिगत सांगितली. त्यांचं हसू मावळलं.

"तुमचा कुठला डोळा झाकला होता?"

"उजवा."

"आणि त्या बाईंचा?"

मी आठवून पाहिलं. "डावा."

त्यांनी काठी भिंतीला टेकवली आणि माझ्या डोळ्यावरची पट्टी सोडली.

बुवांची फळी अजून दर गुरुवारी मांडली जात होती; पुढच्या गुरुवारी भर देवळात मी पाटावर बसलो. "बुवा, आज माझा डावा डोळा झाका."

"आज योग नाही."

मी माझ्याच हातानं डावा डोळा झाकला, मान पुढे-मागे केली. "कुंकू गेलं," मी म्हणालो. "आता माझ्याही घरावरचे पत्रे काढा."

कुणी हललं नाही. मग दौलतराव पाटील स्वतः बसले. "आरं, माझं बी गेलं!" एकेक जण बसू लागला. साऱ्या गावाचं कुंकू गेलं आणि त्या गर्दीतून बुवाही गेले.

मी चाकणला गेलो. शालनबाई भावाच्या अंगणात कांदे निवडत होती. मी सगळं सांगितलं, हात जोडले. तिनं वर पाहिलं नाही.

"मास्तर, त्याच राती मी भितीला कोळशाचा ठिपका काढून बघितलं. एका डोळ्यानं जात हुता, दुसऱ्यानं दिसत हुता. तांबडं फुटायला तुमच्या दारी आले हुते सांगाया. हाका मारल्या. तुमी कडी काढली न्हाई."

खरं होतं. मी जागा होतो, आणि हाका ऐकत होतो.

ती परत चिंचवडला आली नाही. म्हणून हे लिहितो आहे. कुणी चमत्कार दाखवला तर दुसरा डोळा झाकून पुन्हा बघा. आणि ज्याच्यावर बोट रोखलं जातं, ते माणूस दारात आलं तर कडी काढा, त्याचं ऐका.