समोरची खुर्ची

“पप्पा, झाकण हुंगल्यावर तुमी माझ्याकडं काहून बघता?”

प्रश्न शिवकन्याचा नव्हता, मैत्रिणींचा होता. डेअरीवर दूध घालायला येणाऱ्या पोरींनी तिला डिवचलं होतं, “हिंमत हाय तर इचार!” आणि वक्तृत्व स्पर्धेत नुकताच पहिला नंबर मारलेल्या शिवकन्याला हिंमत शिकवता होय!

पण तिचे पप्पा गहिनीनाथ हसले नाहीत. “पोरगी हायेस, बघणारच की,” म्हणाले नि तांब्याला तोंड लावलं. पाणी अंगरख्यावर सांडलं.

गावच्या सहकारी दूध संस्थेचे ते सचिव. उद्या बीडला जिल्ह्यातल्या सचिवांची परिषद होती. कॅनचं झाकण हुंगून नासकं दूध कसं ओळखायचं, याची कार्यशाळा त्यांना घ्यायची होती. नुसतं भाषण नाही. माणसं उठवायची, हुंगायला लावायची, बोलतं करायचं. अंगणात त्याचीच तालीम चालली होती.

“चेअरमन म्हणले, तुमचं नाक म्हंजे मशीन हाय,” आई झाकणं मांडत म्हणाली. मग पदर खोचून खाकरली. “हां, मी तेलगावचा सचिव. इचारा!”

शिवकन्या खो खो हसली. तेवढ्यात पाण्याच्या टँकरचा भोंगा वाजला. ती हंडा उचलून पळाली.

“आगं, तू कुठं? तू समोर थांब!” गहिनीनाथ ओरडले. इतक्या जोरात, की आईसुद्धा दचकली.

रांगेत हंडा ठेवून शिवकन्या परतली ती वडिलांच्या मागच्या बाजूनं. आईनं मुद्दाम काल नासलेल्या दुधाचं झाकण पुढं केलं होतं. दारापाशीच शिवकन्याचं नाक मुरडलं. गहिनीनाथांनी झाकण हुंगलं. समोर पाहिलं. समोर फक्त शिवकन्याची रिकामी खुर्ची.

“गोड हाय,” ते म्हणाले. “घ्या टाकीत.”

आईचं हसू अर्ध्यात थांबलं. “आवं, मला हितं उभं राहवंना, अन् तुमी...”

गहिनीनाथ मटकन खाली बसले. “गेल्या सालच्या तापापासून वास येत न्हाई. कशाचाच. पोरीनं नाक मुरडलं की कॅन बाजूला, न्हाई तर टाकीत.”

शिवकन्याला आता उलगडलं. ‘अभ्यास डेअरीवरच करत जा, शिवे,’ म्हणून पप्पांनीच तिची खुर्ची वजनकाट्यासमोर मांडली होती. तिला वाटायचं, पप्पांना आपल्याकडं पाहायला आवडतं. मैत्रिणींपुढं किती मिरवलं होतं तिनं!

आणि मागच्या हप्त्यात तिला सर्दी झाली होती, तेव्हा? रानं करपलेली. चारा छावणीतल्या गायींच्या दुधावर गावाच्या चुली चाललेल्या. एक नासका कॅन टाकीत गेला, की सगळ्या गावाचं दूध संघाकडून परत.

“उद्या पहिल्या रांगंत बसशील का, बाई?” गहिनीनाथांचा आवाज खोल गेला होता. “निसतं बसायचं.”

“बसंल की,” आई घाईनं म्हणाली. “कुणाला कळतंय? सचिवकी गेली तर करायचं काय आपण?”

ते झाकण अजून गहिनीनाथांच्या हातात होतं. त्यांनी ते पुन्हा नाकाशी नेलं. डोळे मिटून दीर्घ श्वास घेतला, आणि हळूच पालथं घातलं.

स्पर्धेत कधी कापला नव्हता तो शिवकन्याचा आवाज आता कापत होता.

“मी येते बीडला. पण पहिल्या रांगंत न्हाई बसणार. तुमच्या शेजारी उभी राहीन. पहिलं तुमी सांगायचं, की मला वास येत न्हाई. मंग झाकण मी हुंगते.”