ऊन न लागलेली जागा

सागवान जुनं होईल तसं काळवंडतं; अक्रोड मात्र उन्हात राहिलं की उजळत जातं. हे सुचेताला तिच्या सासऱ्यांनीच सांगितलं होतं. दशरथ सुतार म्हणजे नवघरमधलं जुनं नाव. एका शोरूमच्या कामातून उरलेल्या अक्रोडाच्या फळ्यांचा त्यांनी पहिल्या नातवंडासाठी पाळणा केला. "खाडीची हवा लागली तरी वाकायचा नाही. आणि नक्षी बघ, कुठे कपची उडालीय का?" म्हणाले होते.

ते बाळ आठव्या महिन्यात पोटातच गेलं. मुलगी होती. पाळणा पूनम सागर सोसायटीतल्या घरात, गॅलरीतल्या उन्हात उभा राहिला. रिकामा पाळणा हलवू नये, म्हणून दोन वर्षं त्याला कुणी हात लावला नाही.

मग २००६ला दुसरी मुलगी झाली. बारशाच्या आदल्या दुपारी दशरथ पाळणा पुसायला बसले आणि फडकं हातातच राहिलं. सगळं लाकूड मधासारखं उजळलं होतं. तळाच्या फळीवर मात्र मधोमध एक आकार नव्या अक्रोडासारखा गडद. गोल डोकं, पोटाशी घेतलेले पाय.

"इथे ऊन पोचलंच नाही," ते पुटपुटले. "सुचेता, गादी होती का गं यात?"

"नाही बाबा. तुम्हीच तर काढून नेली होती."

"मग कोण निजलं होतं?" सासूबाईंचा आवाज चिरकला. "अहो, बघत काय बसलाय? रंधा मारा आधी! त्याशिवाय माझी नात त्यात घालायची नाही."

"जाईल. वरवरचाच असतो हा रंग," म्हणत दशरथांनी रंधा आणला. पातं टेकणार तोच सुचेतानं त्या इवल्या पायांवर हात ठेवला. त्या बाळाचा साधा फोटोही नव्हता तिच्याकडे. कडेची उन्हातली फळी गार होती. हाताखालची ऊबदार.

"राहू दे, बाबा."

"पोरी, हिला काही झालं तर?"

तिनं हात काढला नाही. दशरथांनी रंधा बाजूला ठेवला.

बारशाला समिधाला पाळण्यात मधोमध निजवलं, तशी ती किंचाळून रडायला लागली. थांबेचना. "सांगत होते ना!" सासूबाई पुढे धावल्या. सुचेतानं हलकेच बाळाला कडेला सरकवलं, मधली जागा मोकळी केली.

रडं थांबलं. समिधाची बोटं हवेत उघडली आणि कशाभोवती तरी घट्ट मिटली.

"ताईच्या जागेवर नाही हं निजायचं, बाळा," सुचेता कुजबुजली आणि दोरी ओढली.

पाळणा जड गेला. दोन बाळांइतका.