मिटल्या डोळ्यांसमोरची वेणी

“हलू नकोस गं, भांग वाकडा होईल.”

हा बाबांचा आवाज. सकाळचा, अजून नीट जागा न झालेला. मी बुटक्या स्टुलावर बसलेली, पाठीमागे बाबा, आणि त्यांच्या दातांत रिबीन, त्यामुळे प्रत्येक शब्द अर्धा आत राहिलेला. दिवसभर गॅरेजात पाने फिरवणारी ती बोटं, पण केसांत शिरली की पिसासारखी हलकी व्हायची. तीन पेड वेगळे करताना ते गुणगुणायचे,

तीन पेड, तीन बहिणी,
एक शहाणी, एक देखणी,
एकीची सांगू नये कहाणी.

“का नाही सांगायची?” मी विचारायची.

“वेणी सुटते,” बाबा म्हणायचे, आणि गाठ जरा जास्तच घट्ट आवळायचे.

आमच्या घरात वेणी बाबा घालायचे. आई कधीच नाही. ती मला आंघोळ घालायची, माझे गुडघे खसाखसा घासायची, तापात रात्रभर उशाशी बसायची, पण माझ्या केसांना तिनं कधी हात लावला नाही. एकदा बाबा गावाला गेले होते. मी कंगवा घेऊन तिच्यापुढे उभी राहिले, तर तिनं दोन्ही हात पाठीमागे नेले. चोरी पकडल्यासारखे. मग शेजारच्या मावशींना हाक मारली.

आणि आईचे नियम तर काय विचारू नका. बाहेर पडल्यावर केसांना हात लावायचा नाही. दुकानाच्या काचेत बघायचं नाही. पिन तोंडात धरून उभं राहायचं नाही, नख कुरतडायचं नाही, बाकावर बसून कंगवा काढणाऱ्या बाईकडे तर बघायचंसुद्धा नाही. “जे करायचं ते घरात, दार लावून. लोक बघतात.” लोक बघतात! माझ्या लहानपणी मला वाटायचं, लोक नावाचा एकच माणूस असतो, त्याला झोप नसते, आणि त्याला दुसरं काही कामही नसतं.

मला आई ‘धाकटी’ म्हणायची. मी एकुलती एक. बाबांना विचारलं तर म्हणाले, “आपल्या तिघांत तूच नाही का धाकटी?” मला ते पटलं. पोरांना काहीही पटतं.

बाबा गेले. मी मोठी झाले, कापडाच्या कारखान्यात कटर झाले, मशीनमध्ये अडकू नयेत म्हणून केस मानेवर आखूड कापले. आई म्हातारी झाली आणि तिच्या उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला. तिथून हे सगळं सुरू झालं.

डोळ्यांच्या दवाखान्यात एक लांबट खोली आहे. भिंतींना लावून बाकं, वर पंखा, खिडकीला अर्धवट ओढलेला पडदा. सिस्टर येते, ओळीनं प्रत्येकाची मान मागे करते, डोळ्यांत थेंब टाकते आणि म्हणते, “मिटून बसा. मी सांगेपर्यंत उघडायचे नाहीत.” मग सगळी ओळच्या ओळ डोळे मिटून बसते. कोणाच्या गालावरून थेंब ओघळतो, तो पुसायलाही कोणी हात उचलत नाही. सोबत आलेले आम्ही समोरच्या बाकावर. इतकी माणसं आणि एकही नजर नाही. मला पहिल्याच दिवशी तिथं कसंतरी झालं होतं.

आई मात्र सैलावली. मान उजवीकडे, डावीकडे, जणू मिटल्या डोळ्यांनी अंदाज घेतला. मग तिनं हातपिशवीतून कंगवा काढला.

माझी आई! चारचौघांत!

पण कंगवा तिनं स्वतःच्या केसांना लावलाच नाही. तिनं गुडघे जरा फाकवले, कोणीतरी पायांशी जमिनीवर बसावं इतके, आणि हवेत कंगवा फिरवायला लागली. वरून खाली, लांबच लांब, आणि प्रत्येक वेळी खाली पोचल्यावर टोकाला हलकासा झटका. एका जागी कंगवा अडला. रिकाम्या हवेत. तिनं वरचा भाग डाव्या मुठीत धरला, ओढ बसू नये म्हणून, आणि खालून हळूहळू गुंता सोडवला.

“दुखलं का?” ती पुटपुटली.

सिस्टर फणकारत आली. “आजी! इथं केस विंचरायचे नाहीत. केस उडतात, लोकांच्या डोळ्यांत जातात. भिंतीवर एवढी पाटी लावलीये, वाचली नाही?”

कोपऱ्यातला एक बसड्रायव्हर, डोळे मिटूनच म्हणाला, “सिस्टर, पाटी वाचता आली असती तर आम्ही इथं झक मारायला आलो असतो का?”

सगळी ओळ हसली. मिटल्या डोळ्यांनी हसणारी माणसं तुम्ही बघितली आहेत का? मी हसले नाही. आईनं कंगवा पिशवीत टाकला आणि तेवढ्यात तिचा पुकारा झाला.

आत गेल्यावर मी डॉक्टरांना सांगितलं, तर ते म्हणाले, “होतं असं. डोळा कमी दाखवायला लागला की मेंदू पदरचं घालतो. काळजी करू नका.”

मी काळजी केली नसती. पण घरी आल्यावर पिशवी रिकामी करताना कंगवा हातात आला. आईचे केस पांढरे, कापसासारखे. माझे वीतभरसुद्धा नाहीत. आणि कंगव्याच्या दातांत एक केस होता, काळाभोर. मी तो ओढत गेले, ओढत गेले, माझा हात खांद्यापर्यंत मागे गेला तरी संपेना. केस ओला होता.

“आई, हा कुणाचा?”

तिनं बघितलंही नाही. “दवाखान्यातला असेल कुणाचा. टाकून दे. आणि हात धू.”

पुढच्या खेपेला ड्रायव्हर तिच्या शेजारीच बसला होता. थेंब पडले, डोळे मिटले, आईनं कंगवा काढला. थोड्या वेळानं ड्रायव्हरनं पाय आत ओढून घेतले.

“बस बाळ, बस ऐसपैस,” तो म्हणाला. “आजी, नात का?”

आईचा हात थबकला. “मुलगी आहे.”

“एवढी लहान? वा आजी, कमाल आहे तुमची!”

पलीकडची एक शिक्षिका, डोळ्यावर कापूस लावलेली, नाक वर करून म्हणाली, “न्हाऊन आलेली दिसते. पण केस नीट कोरडे करा हो तिचे, माझ्या पायावर पाणी ठिबकतंय.”

मी समोर बसले होते. माझे डोळे उघडे, लख्ख. आईच्या पायांशी फरशी होती, फक्त फरशी. आणि तरीही त्या आंधळ्या ओळीनं आपले पाय हळूहळू बाजूला घेतले होते, एक छोटी गोल जागा मोकळी करून.

आई तीन पेड वेगळे करत होती. तिची बोटं बाबांपेक्षाही हलकी होती. भीती होती, पण भीतीच्या खाली दुसरंच काही होतं, आणि ते सांगायला मला लाज वाटते. मला हेवा वाटत होता.

“झालीच, थोरले,” आई म्हणाली. “हलू नकोस. धाकटी बघतीये.”

थोरले. म्हणजे बाबांनी मला समजावलं होतं ते खोटं होतं. मी कुणाच्या तरी मागची धाकटी होते, जन्मापासून.

वेणी अर्ध्यावर होती तेव्हा पुकारा झाला. आई उठली आणि तिचे हात रिकामे, पोरके लोंबत राहिले.

घरी मी खोदून खोदून विचारलं. ती वाटाणे सोलत राहिली. “थोरली कोण गं आई?” वाटाणा. “आई, मला बहीण होती?” वाटाणा. शेवटी म्हणाली, “कान किटले माझे. स्वयंपाक करू दे.”

त्यानंतर तिचा डोळा चिघळायला लागला. डॉक्टर चिडले. “जखम भरत आली होती. कोणीतरी चोळतंय हा डोळा. आजी, एक सांगून ठेवतो, आणखी एकदा असा डोळा घेऊन आलात तर तो जाईल. मग माझ्याकडे काही उपाय नाही.”

आई गरीब गाईसारखी मान हलवत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी मी न्हाणीघराच्या दाराच्या फटीतून बघितलं. आई आरशासमोर उभी होती, अगदी शांत, रोजचं काम करावं तशी, आणि मुठीनं डोळा चोळत होती. दाबून. पुन्हा पुन्हा.

मी दार ढकललं. “आई! वेड लागलंय का तुला?”

ती दचकली नाही. “डोळा बरा झाला की यायचं कारण नाही म्हणाले ते,” ती म्हणाली. “माझी वेणी पुरी व्हायची आहे.”

“घरी घाल ना वेणी! घाल की इथं, दार लावून!”

“इथं ती येत नाही.” आईनं नळ सोडला. “बाहेर बसले होते मी तेव्हा. चारचौघांत.”

पण त्या दिवशी मला कळलं की हिला बोलतं केलं नाही तर ही डोळा घालवणार, आणि मग दुसराही घालवेल, हसत हसत.

म्हणून पुढच्या खेपेला मी समोर बसले नाही. आईच्या शेजारीच बसले. सिस्टर आली. “तुम्ही सोबतच्या ना?”

“मी बसते इथंच. आणि सिस्टर, आज आईचा नंबर सगळ्यात शेवटी घ्याल?”

तिनं आईच्या लाल डोळ्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. काय वाचलं तिनं कोण जाणे. “घेते,” म्हणाली.

ओळीनं डोळे मिटले. मीही मिटले.

पहिल्यांदा नुसता अंधार. पंख्याची घरघर, कोणाचा खोकला. मग आवाज आला. कंगव्याचा, हवेतून नव्हे, दाट केसांतून जाणारा, सर्र, सर्र. मग वास. ओल्या केसांचा, आणि त्याच्याखाली गार, हिरवट, खोल पाण्याचा. माझ्या पोटरीला एक लहानशी पाठ टेकली. ती श्वास घेत नव्हती.

पळून जावंसं वाटलं. मी गेले नाही. हात खाली नेला, आणि माझ्या तळव्यात एक ओला, जड पेड आला.

“टोक धर,” आई सहज म्हणाली. “दर वेळी इथंच हातातून निसटतं.”

मी धरलं. आई पेडावर पेड टाकत गेली. सगळी ओळ जणू कान देऊन बसली होती. वेणी माझ्या मुठीपर्यंत उतरली.

“आई,” मी म्हणाले, “आता पुरी होईल ही. पण सांगितल्याशिवाय मी टोक सोडणार नाही. आणि तुला डोळाही चोळू देणार नाही.”

मग ती बोलली, शेजारणीशी बोलावं तशा साध्या आवाजात.

“लाँचची वाट बघत होतो. धक्क्यावरच्या शेडमध्ये. तुझे बाबा तिकिटाला गेले होते आणि तू माझ्या पोटात होतीस. हिचे केस सुटले होते वाऱ्यानं. मी बाकावर बसले, हिला पुढ्यात घेतलं आणि वेणी घालायला लागले. समोर दोघी-तिघी होत्या, चांगल्या घरच्या, इस्त्रीच्या कपड्यांतल्या. त्यातली एक म्हणाली, काय बाई, स्वतःचं न्हाणीघर समजतात हे लोक. सगळे वळून बघायला लागले. एकजण हसला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी वेणी अर्ध्यात सोडली. हिला म्हटलं, जा, शेडच्या मागे जा, तिथं कोणी बघत नाही, तुझी तूच घाल.”

मी पेड आणखी घट्ट धरला.

“मागे पायऱ्या होत्या. शेवाळलेल्या, थेट पाण्यात उतरणाऱ्या. बाबांना मी सांगितलं, खेळता खेळता गेली. सगळ्यांना तेच सांगितलं.”

“तुझी चूक नव्हती आई. तुला कुठं माहीत होतं?”

“तसं नाही गं.” आईचा हात अंधारात माझ्या डोक्यावर आला, चाचपडत, आणि माझ्या आखूड केसांत थांबला. जन्मात पहिल्यांदा. “तिनं तिथून मला हाक मारली, धाकटे. आई, आई गं, अशी. मला ऐकू आली. चांगली ऐकू आली. पण सगळे माझ्याकडे बघत होते, म्हणून मी मान वळवली नाही.”