कुंकवाखालचा आकडा

मित्रांनो, मी एक जुना फिशफाइंडर आहे, आणि पूर्णगडच्या खाडीच्या तोंडावर माझ्यादेखत आमची बोट वाळूवर चढली.

नाही, चढली नाही. बोट चालवणारे तांडेल महिपत यांनी बंदरावर तसं सांगितलेलं आहे, तेव्हा तसं काही झालेलंच नाही. सुरुवातीपासून सांगतो.

कारखान्यात मला एकच काम शिकवलं. पाण्यात खाली आवाज सोडायचा, तो आपटून परत आला की खोली किती आणि मध्ये मासे कुठे, ते काचेवर दाखवायचं. म्हणजे काळोखात सतत ‘कोण आहे?’ असं ओरडायचं. आणि मित्रांनो, दर वेळी उत्तर येतं. असली नोकरी भित्र्याला कोणी देतं का?

रत्नागिरीच्या दुकानात महिपत आणि त्यांच्या पत्नी गंगाबाई मला बघायला आले, अगदी स्थळ बघतात तसे.

“ह्यात सुरमय कुठली नि बांगडा कुठला, ता कळता काय?” गंगाबाईंनी विचारलं.

“मासा आहे एवढं कळतं, वहिनी,” दुकानदार गुरुप्रसाद म्हणाला. “नाव जाळ्यात विचारायचं.”

“नि ह्यो बाजूचा मोठा?”

“तो चहूकडे बघतो. मोठ्या बोटींना लागतो. तुमचा हा फक्त खाली बघतो.”

“मान खाली घालून ऱ्हातो? मग ह्योच द्या.”

असा मी पसंत पडलो. माझा कान बोटीच्या पोटाखाली बसवला आणि तोंड केबिनमध्ये. बांगड्याचा थवा दाखवला की खलाशी माझ्या डोक्यावर थोपटायचे. पाणी उथळ झालं की मी शिट्टी वाजवायचो. खरं तर खडक दिसला, मोठा मासा दिसला, काहीच दिसलं नाही, तरी वाजवायचो. पहिल्याच आठवड्यात बाबल्या खलाशानं शिट्टी बंद करून टाकली. “ह्यो आमच्याहून घाबरट,” म्हणाला. खोटं नव्हतं.

मग नारळी पौर्णिमा आली. गंगाबाईंनी इंजिनाला, सुकाणूला आणि मला हळदकुंकू वाहिलं. काचेचा वरचा डावा कोपरा हे त्यांनी माझं कपाळ ठरवलं. ओलं कुंकू चांगलं रुपयाएवढं लावलं. खोलीचा आकडा नेमका तिथेच उमटतो.

दुसऱ्या दिवशी आम्ही समुद्रावर असताना दुपारी वारा उलटला. लाटा फुटू लागल्या, तेव्हा महिपतांनी बोट खाडीकडे वळवली. पौर्णिमेची भरती मोठी, तशी ओहोटीही मोठी. त्यात खाडीच्या तोंडाशी वाळूचा बांध, आणि तो दर पावसाळ्यात सरकतो. त्यावर बोट आडवी पडली तर लाट तिला उलटी करते. चार माणसं होती बोटीत. चौघांना पोहता येत होतं, पण तिथे पोहून उपयोग नसतो.

“पाणी किती?” महिपत ओरडले.

मी आकडा दाखवत होतो. आकडा कुंकवाखाली होता.

“पुसू काय, तांडेल?” बाबल्यानं फडका उचलला.

“कुकू पुसतस? मी अजून जिता हाय ना रे!”

“आणि नाय पुसला तर किती वेळ?”

कोणी हललं नाही. वाळू मात्र वर येत होती, आणि ते फक्त मला दिसत होतं. शेवटी महिपतांनी एका हातानं सुकाणू धरलं आणि दुसऱ्यानं घरी फोन लावला.

“गंगे, मशीनवरचा कुकू पुसू काय? खाडीच्या तोंडावर हाव, पाणी दिसत नाय!”

 पलीकडून गंगाबाईंचा आवाज आख्ख्या केबिनला ऐकू आला. “आवो, त्याच्या कपाळाचा पुसा नि माझ्या कपाळाचा ऱ्हावंदे! फोन ठेवा!”

बाबल्यानं फडका फिरवला. एक पूर्णांक सहा मीटर. बोटीला दीड लागतं. महिपतांनी बोट मागे घ्यायला इंजिन उलटं फिरवलं, तेवढ्यात दणका बसला आणि माझा कान वाळूत रुतला. मी ‘कोण आहे?’ म्हणालो. पहिल्यांदाच उत्तर आलं नाही. मित्रांनो, उत्तर येण्यापेक्षा ते भयंकर होतं.

मागून लाट आली, तिनं बोट उचलली, इंजिनानं तिला मागे खेचलं. भरती येईपर्यंत आम्ही बाहेर हेलकावे खात थांबलो.

गंगाबाई धक्क्यावर उभ्या होत्या. “लागली काय वाळूला?”

“छ्या! कोण सांगता?” महिपत म्हणाले. पण धक्क्यावर चढायला त्यांना बाबल्याचा हात लागला. गंगाबाईंनी ते बघितलं आणि त्यांचा दुसरा हात धरला.

आता मी जुना झालो. कानावर शेवाळ चढलंय, नीट ऐकू येत नाही, त्यामुळे भीती दुप्पट झाली आहे. तेव्हा मित्रांनो, यंत्राची पूजा जरूर करा, पण काच सोडून करा, आणि वर्षातून एकदा त्याचा कान खरवडा. त्याच्या ऐकण्यावर माणसं घरी येतात. राहिली वाळू; तिच्यासाठी हा माझा अर्ज.

सबब, पूर्णगड खाडीच्या तोंडावरील वाळूस या अर्जाद्वारे विनंती करण्यात येते की, तिने जागा बदलण्यापूर्वी किमान पंधरा दिवस आगाऊ लेखी कळवावे, व एक प्रत सौ. गंगाबाई यांना माहितीसाठी द्यावी.