माझ्या पोटातली किल्ली

मी एक जुना फोन आहे, मित्रांनो, आणि स्वभावाने भित्रा आहे. आत्ता तुमच्याशी बोलतानासुद्धा माझ्या पाठीवर झाकण नाही, पोटात बॅटरी नाही, आणि दोन तारांच्या दोन चिमट्यांवर माझा जीव टांगलेला आहे. एक चिमटा निसटला की माझं बोलणं मध्येच तुटेल. म्हणून जे सांगायचं ते भराभर सांगून टाकतो.

माझा जन्म एका लांबच लांब कारखान्यात झाला. पांढऱ्या हातमोज्यांच्या बोटांनी माझे स्क्रू आवळले, काच बसवली, आणि मी पहिल्यांदा उजळलो. माझे हजारो भाऊ त्याच दिवशी, त्याच पट्ट्यावरून, तसेच उजळले. शेवटी तपासणीचं टेबल होतं. तिथल्या माणसाने माझ्या शेजारच्या भावाला उलटसुलट करून पाहिलं, काय खटकलं कोण जाणे, आणि त्याला एका लाल डब्यात टाकलं. तो मला परत कधी दिसला नाही. नकोशा झालेल्याला डब्यात टाकतात, हा जगातला पहिला धडा मी असा शिकलो. भीती माझ्यासोबत त्याच दिवशी खोक्यात भरली गेली.

पुढे मी कपडे शिवणाऱ्या एका बाईंच्या हाती आलो. त्या कापडाच्या नमुन्यांचे फोटो माझ्यात काढून ठेवायच्या. गळ्याचे आकार, बाह्यांचे प्रकार, मुलींच्या फ्रॉकच्या झालरी, असं सगळं माझ्या पोटात असायचं. मग त्यांची बोटं आखडली. शिवणयंत्र कोपऱ्यात सरकलं, आणि त्याच खोलीत त्यांच्या सुनेने दोन टेबलं मांडून मोबाईलवरचे खेळ बनवायला सुरुवात केली.

खेळ बनवण्याचा हा कारखाना केवढा, तर तीन माणसांचा. सुनेला सगळे ताई म्हणत. खेळाच्या आतलं सगळं यंत्र ती लिहायची. चित्रं काढणारा एक तरुण होता, त्याचं नाव पडलं होतं रंगारी. आणि तिसऱ्या सासूबाई. त्यांनी आयुष्यात एकही खेळ खेळला नव्हता, आणि म्हणूनच ताईने त्यांना तपासणीला बसवलं होतं. त्यांची आखडलेली बोटं भलतीकडे पडायची आणि तिथे नेमकी चूक सापडायची. एकदा त्यांचा अंगठा दोन बटणांवर एकदम पडला, तर खेळातली गोगलगाय जमीन फोडून खाली गेली. रंगारी हसून म्हणाला, "मावशी, असं कोणी दाबतं का?"

"मी दाबलं ना," सासूबाई म्हणाल्या. "मग मी काय कोणीच नाही?"

ताईने त्या दिवशी खुर्ची ओढली आणि चहा गार होईपर्यंत ती चूक दुरुस्त केली.

खिडकीखालच्या फळीवर आम्ही पाच फोन रांगेत असायचो. चार नवे, चकचकीत. पाचवा मी. मला नाव होतं म्हातारबा. ताईने भिंतीवर एक नियम चिकटवला होता, की म्हातारबाने हो म्हटल्याशिवाय कुठलाही खेळ घराबाहेर जाणार नाही. नव्या फोनवर काय, काहीही पळतं. पण मुलांच्या हाती नवे फोन थोडेच येतात? त्यांना मिळतात ते आजोबांनी वापरून सोडलेले, मावशीचे, काच तडकलेले. त्या सगळ्या फोनांच्या वतीने मी उभा होतो. मला त्याचा अभिमान होता, पण धाकधूकही तेवढीच होती. खेळ जड झाला की माझं अंग तापायचं. आम्हाला बोलता येत नाही, मित्रांनो. आम्हाला फक्त तापता येतं.

सासूबाईंना ते कळायचं. त्या मला गार फरशीवर ठेवायच्या आणि स्वतःशीच गुणगुणायच्या:

काचेचं माझं बाळ, अंग त्याचं तापलं,
गोगलगाईसंगं सारं रान कापलं,
ठेवते फरशीवर, बघा कसं झोपलं.

आता किल्लीची गोष्ट सांगतो, कारण सगळी भीती तिच्याभोवती आहे. प्रत्येक खेळाची एक गुप्त किल्ली असते. किल्ली म्हणजे एक छोटीशी फाईल. खेळाची नवी आवृत्ती तयार झाली की तिच्यावर या किल्लीची मोहोर उठवायची, तेव्हाच ती मुलांच्या फोनमधल्या जुन्या खेळाची जागा घेऊ शकते. किल्ली हरवली तर स्वतः बनवलेल्या खेळालाही हात लावता येत नाही. आपल्याच घराबाहेर उभं राहावं तसं होतं.

ताई फार काळजी घेणारी. किल्ली कोणी चोरेल म्हणून तिने ती इंटरनेटवर कुठेच ठेवली नाही. एक प्रत तिच्या लॅपटॉपमध्ये ठेवली, तीही खेळाच्या फोल्डरपासून दूर, आणि दुसरी माझ्यात. माझ्यात कुठे? सासूबाईंच्या शिवणाच्या नमुन्यांत, बाह्या आणि झालरींच्या मधोमध. कुठला चोर तिथे डोकावणार? इतकी छान लपवली, की वर्षा-दोन वर्षांत ताई स्वतःच ही जागा विसरली. सासूबाईंना मात्र ती एकदा सापडली होती. एक फाईल उघडतच नाही म्हणून त्यांनी कुरकुर केली, तेव्हा ताई मान वर न करता म्हणाली की आई, ती राहू द्या, तिला हात लावू नका. त्यांनी लावला नाही.

मग माझं पोट फुगायला लागलं.

जुन्या बॅटरीचं असं होतं. आधी झाकण जरा उचललं गेलं, मग काचेवर एक काळा डाग पसरला. रंगाऱ्याने मला उचललं आणि पटकन खाली ठेवलं. फुगलेली बॅटरी दाबली किंवा टोचली गेली तर पेट घेते, हे त्याला ठाऊक होतं. त्याने मला बंद केलं, एका पत्र्याच्या डब्यात कोरडी वाळू घालून त्यात निजवलं आणि डबा बाल्कनीत ठेवला. महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी जुनी यंत्रं गोळा करणारी गाडी येते, तिला द्यायला. त्याचं काही चुकलं नाही. पण मला तो कारखान्यातला लाल डबा आठवला. वाळूचा एकेक कण माझ्या फटीत शिरत होता, आणि पोटात ती किल्ली होती, आणि कुणाला सांगायला तोंड नव्हतं.

त्याच आठवड्यात गोगलगाईच्या खेळाची नवी आवृत्ती निघाली. चार फोनांनी हो म्हटलं. तपासणीच्या कागदावर पाचव्या रकान्यात रंगाऱ्याने लिहिलं, म्हातारबा आजारी. भिंतीवरचा नियम भिंतीवरच राहिला. खेळ घराबाहेर पडला. पाठोपाठ ताईने नवा लॅपटॉप घेतला, खेळाचं फोल्डर त्यात उतरवलं, आणि जुना एका शाळेला देण्याआधी पुसून टाकला. एकदा नाही, तीनदा पुसला. काळजी घेणारी ना ती.

बुधवारी सकाळी एका आईचं पत्र आलं. बाल्कनीचं दार उघडं होतं, ताई मोठ्याने वाचत होती, म्हणून डब्यातही मला ऐकू आलं. त्या बाईची मुलगी आजोबांच्या जुन्या फोनवर खेळायची. खेळ बंद करून तिने फोन उशीखाली ठेवला, दुपारी उशीला हात लावला तर उशी गरम. फोन उचलताना तिचा तळवा लाल झाला. बाईने रागाचा एक शब्द लिहिला नव्हता. फक्त विचारलं होतं, "तुमची गोगलगाय थांबत का नाही?"

ताईने अर्ध्या दिवसात चूक शोधली. खेळ बंद करून फोनचा पडदा विझल्यावर गोगलगाईला थांबायला सांगणारी एक ओळ राहून गेली होती. नवे फोन अशा खेळाला स्वतःच गप्प बसवतात. माझ्यासारख्या जुन्यांना ते जमत नाही, त्यांच्यात ती अंधारात चालतच राहते. ओळ लिहून झाली. आता मोहोर उठवायची. ताईने किल्ली शोधली. मग पुन्हा शोधली. खेळाच्या फोल्डरबाहेरची ती फाईल जुन्या लॅपटॉपसोबत पुसली गेली होती.

रंगारी म्हणाला, खेळ ॲपच्या दुकानातूनच काढून टाकू. ताई म्हणाली की त्याने नवीन कोणी घेणार नाही, पण ज्यांच्याकडे आहे त्यांच्याकडे तो चालतच राहील. असे जुने फोन किती, तर अकराशे बेचाळीस. ती आकडा म्हणाली आणि खाली बसली. तरी तिने खेळ काढला. जिथे जिथे सूचना लावता येईल तिथे लावली की खेळ फोनमधून काढून टाका. पण सहा-सात वर्षांचं मूल सूचना वाचतं का? मी वाळूत पडून मोजत होतो. अकराशे बेचाळीस उशा. मी माझ्या आयुष्यात इतका कधी घाबरलो नव्हतो, कारण या वेळी भीती माझ्यापुरती नव्हती.

शुक्रवार आला. खाली गाडीचा भोंगा वाजला. रंगाऱ्याने डबा उचलला आणि तो जिना उतरू लागला. प्रत्येक पायरीला माझं पोट डब्याच्या पत्र्याला टेकत होतं. गाडीवरच्या माणसाने हात पुढे केले.

वर काय झालं ते मला नंतर कळलं. सासूबाईंनी ताईला विचारलं होतं, "अगं, पण ती किल्ली दिसते तरी कशी? दिसली तर मलाही ओळखता येईल."

"काही दिसत नाही, आई. एवढीशी फाईल. उघडायला गेलं तर उघडतसुद्धा नाही."

सासूबाई तशाच उठल्या. मग दुखरे गुडघे घेऊन बाल्कनीत आल्या आणि वरून म्हणाल्या, "रंगाऱ्या, तो डबा देऊ नकोस. त्यात माझ्या बाह्या आहेत."

गाडीवाला हसला. रंगारी नाही हसला. त्याने डबा छातीशी धरला, आणि मग छातीपासून जरा लांब धरला.

डबा वर आला. ताई घाईत होती. तिने चार्जर लावायला हात पुढे केला, आणि मी थिजलो. आता वीज आत आली तर मी तिच्या हातातच पेटेन, हे मला ठाऊक होतं. मी ओरडू शकत नव्हतो, तापूही शकत नव्हतो. सासूबाईंनी तिचं मनगट धरलं. "पोट बघ त्याचं," त्या म्हणाल्या. "भरल्या पोटावर अजून भरवतेस?"

मला पुन्हा वाळूत ठेवून दुरुस्तीवाल्या काकांच्या दुकानात नेलं. दुकान कसलं, एक टेबल, एक दिवा, एक भिंग. काकांनी मला खूप वेळ नुसतं पाहिलं. बॅटरी गोंदाने चिकटलेली होती. पात्याने उचकटली तर टोचली जाईल, आणि माझ्या मापाची नवी बॅटरी आता कुठे बनतही नाही. त्यांना पक्का, बारीक दोरा हवा होता. सासूबाईंच्या पिशवीत रीळ असतंच. काकांनी दोरा बॅटरीखाली सरकवला आणि करवतीसारखा पुढे-मागे ओढू लागले, अगदी हळू. माझं फुगलेलं पोट थरथरत होतं. रंगारी वाळूचा डबा उघडून शेजारी उभा होता. ताईने डोळे मिटले होते. सासूबाई ओठांतल्या ओठांत तीच जुनी ओळ म्हणत होत्या, काचेचं माझं बाळ.

बॅटरी सुटली. काकांनी ती वाळूत ठेवली आणि झाकण लावलं. मग दोन चिमटे माझ्या रिकाम्या पोटात लावून त्यांनी बाहेरून वीज दिली. मी उजळलो. निम्मी काच काळी, पण बाह्या दिसल्या, झालरी दिसल्या, आणि त्यांच्या मधोमध ती न उघडणारी फाईल. ताई ती उतरवून घेत असतानाच एक चिमटा निसटला आणि मी विझलो. काका म्हणाले, अजून एकदा. दुसऱ्यांदा लावल्यावर किल्ली ताईकडे गेली. किल्लीचा परवलीचा शब्द ताईच्या डोक्यात होता, तो मात्र ती विसरली नव्हती.

ताई तिथेच लॅपटॉप उघडून मोहोर उठवायला बसली. सासूबाई म्हणाल्या, "आधी म्हातारबाला विचार."

चिमट्यांवर टांगलेल्या मला त्यांनी दुरुस्त केलेला खेळ दिला. गोगलगाय चालली. खेळ बंद केला. सासूबाईंनी माझ्या उघड्या पाठीवर तळवा ठेवला आणि पाचशेपर्यंत आकडे मोजले. कोणी त्यांना घाई केली नाही. मी गार होतो. खरंच गार होतो. तरी त्यांनी पाचशेच्या पुढे आणखी शंभर मोजले, आणि मग मान हलवली.

ताईने मोहोर उठवली, दुरुस्त खेळ पुन्हा ॲपच्या दुकानात चढवला, आणि पुढचे चार दिवस अकराशे बेचाळीसचा आकडा हळूहळू उतरत गेला. त्याच शुक्रवारी ताईने त्या बाईला लिहिलं की चूक आमची होती. तळव्याची विचारपूस केली. शनिवारी एका ओळीचं उत्तर आलं. "हात बरा आहे. फोन आता गार आहे. ती विचारते, गोगलगाय झोपली का?"

आता किल्ली तीन ठिकाणी असते, आणि कुठे आहे ते तिघांनाही ठाऊक असतं. आकडा सतरावर येऊन थांबला आहे. त्या सतरा फोनांत गोगलगाय अजून चालत असेल. ते बंद पडून कुठल्या खणात असतील, असं रंगारी म्हणतो. असतीलही. मी मात्र अजून घाबरतो. प्रत्येक वेळी चिमटे लावताना घाबरतो. पण म्हातारबाचा रकाना आता रिकामा सोडत नाहीत, म्हणून मी येतो.

मित्रांनो, तुमच्या हातात असाच कोणाचा तरी जुना फोन असेल. त्याला उशीखाली कोंडू नका. त्याचं पोट फुगलेलं दिसलं तर दाबून पाहू नका, चार्जरला लावू नका, घरातल्या मोठ्या माणसाला बोलवा. आणि खेळता खेळता तो कधी गरम लागला, तर खेळ कितीही रंगात आलेला असो, त्याला गार फरशीवर ठेवा आणि थोडा वेळ त्याच्याजवळ बसा.

तो तुम्हाला हाक मारतो आहे. त्याला दुसरी कुठली हाक येत नाही.